आखात, मौन आणि मराठी साहित्यविचार

१९९० च्या ऑगस्टपासून सुमारे दोन महिने अंधेरीच्या सहार विमानतळावर अम्मानहून येणारी विमाने उतरत होती. २ ऑगस्टला इराकने कुवेत व्यापल्यानंतर तेथे अडकलेले भारतीय बगदादमार्गे, वाळवंटातील छावण्यांतून दिवस काढीत जॉर्डनला पोहोचले आणि तेथून पाचशेच्या जवळपास फेऱ्यांतून एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे परत आणली गेली. नागरी विमानांनी केलेल्या अशा सुटकांमध्ये ही सर्वांत मोठी गणली जाते. माणसे अंधेरीला उतरली आणि पांगली. कोणी केरळात, कोणी आंध्रात, कोणी पंजाबात, कोणी रत्नागिरीकडे, तर कोणी जवळच कुर्ल्याला वा मुंब्र्याला. ज्या भूमीवर ती उतरली तीही कोणाची तरी होती. सहार, मरोळ, चकाला ही मुळात ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची गावे. त्यांच्या घरात मराठीचीच एक बोली नांदत आली आहे आणि त्यांच्या शेतजमिनी शहराने व विमानतळाने गिळल्या. परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ही घटना वृत्तपत्रांत आली, सरकारी अहवालांत गेली. २०१६ मध्ये 'एअरलिफ्ट' हा हिंदी चित्रपट आला आणि त्याने या साऱ्या माणसांच्या वतीने एका धनिक व्यापाऱ्याला नायक केले. मराठी कथात्म साहित्यात मात्र कुवेतच काय, एकूण आखाती अनुभवानेही मध्यवर्ती स्थान मिळवलेले नाही. मल्याळममध्ये बेन्यामिन यांच्या 'आडुजीविदम्' (२००८) या कादंबरीने जी जागा घेतली, तशी जागा मराठीत या विषयावरील कोणत्याही कृतीने घेतलेली नाही. कोकणपट्टीतील गावेच्या गावे १९७० च्या दशकापासून आखाती पैशावर उभी राहिली. विलेपार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत मुलगा मस्कतला किंवा दुबईला असलेली घरे सर्रास आढळतात. असे असताना ही उणीव निव्वळ वाङ्मयेतिहासातील एक नोंद समजावी, की तिला काही नैतिक आशय आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. साहित्य म्हणजे शिरगणती नव्हे. समाजात जे जे घडते त्या सर्वांची नोंद ठेवण्याचे कंत्राट लेखकाने घेतलेले नसते, आणि विषयांची यादी करून त्यातील रिकाम्या जागांवर बोट ठेवणारी समीक्षा ही समीक्षा नसून हिशेबतपासणी होय. लेखक लिहितो ते त्याला भिडलेले असते म्हणून. जे भिडले नाही त्याबद्दल त्याला दोषी धरणे हा एक प्रकारचा वाङ्मयीन जुलूमच आहे. सर्वसाधारणपणे हे म्हणणे मान्य करावे लागेल. परंतु आखाताच्या बाबतीत ते पुरेसे ठरत नाही, कारण येथील मौन हे अनुभव घडून गेल्यानंतर त्यावर पसरलेले मौन नाही. ते त्या अनुभवाची पूर्वअट होते. हे ध्यानात येण्यासाठी अरब जगाच्या आधुनिक राजकीय इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे.

मराठी वाचकाच्या मनातील आखाताचे चित्र बहुधा असे असते: वाळवंटात तेल निघाले, पैसा आला, बांधकामे निघाली, माणसे हवी होती, आपली माणसे गरजू होती, ती गेली. या चित्रात राजकारण कोठेच नाही. वस्तुस्थिती अशी की तेलाच्या पहिल्या पिढीचा कामगार हा मुख्यतः अरब होता आणि तो मुका नव्हता. सौदी अरेबियात अराम्को कंपनीच्या कामगारांनी १९५३ मध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये संप केले. १९५६ च्या संपानंतर शाही फर्मानाने संपावर बंदी आली. बहरीनमध्ये त्याच सुमारास संपाचे आणि घटनात्मक हक्कांचे आंदोलन एकमेकांत मिसळले होते. १९५६ हे सुवेझचेही वर्ष. नासरच्या कैरोहून 'सौतुल अरब' म्हणजे 'अरबांचा आवाज' या नावाची नभोवाणी आखाताच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू येत होती, आणि इजिप्त, पॅलेस्टाइन, येमेन येथून आलेले शिक्षक, कारकून व कामगार आपल्याबरोबर अरब राष्ट्रवादाची भाषा घेऊन येत होते. हा कामगार राज्यकर्त्यांच्या भाषेत बोलत होता, म्हणूनच तो त्यांना धोक्याचा वाटत होता.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, श्रमिकांची मागणी अनेक पटींनी वाढली, आणि दक्षिण आशियाकडे व पुढे पूर्व आशियाकडे मोर्चा वळला. त्यात स्वस्ताईचा भाग होताच. परंतु या राज्यांच्या दृष्टीने भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वा फिलिपिनो कामगाराचा आणखी एक गुण होता: त्याला तेथील भाषा येत नव्हती, तेथील राजकारणाशी त्याला कर्तव्य नव्हते, त्याचे कुटुंब समुद्रापलीकडे होते आणि त्याला कोणत्याही दिवशी परत पाठवता येत होते. १९९०-९१ च्या युद्धाने ही प्रक्रिया पूर्णत्वास नेली. येमेनच्या सरकारने घेतलेल्या भूमिकेची शिक्षा म्हणून लाखो येमेनी कामगारांना सौदी अरेबिया सोडावा लागला. कुवेतमध्ये पिढ्यांपासून राहिलेला चार लाखांच्या आसपासचा पॅलेस्टिनी समाज युद्धानंतर बहुतांशी नाहीसा झाला. रिकाम्या झालेल्या अनेक जागा आशियाई कामगारांनी भरल्या, आणि ऑक्टोबरात सहारला उतरलेल्यांपैकीही अनेक जण पुढे परत गेले. कठोर शब्दांत सांगायचे तर आपला माणूस तेथे केवळ गरजू म्हणून नेला गेला नाही. मुका म्हणून नेला गेला. मौन ही त्या नोकरीची पात्रता होती.

कफाला या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था हेच कायद्याच्या भाषेत सांगते. परदेशी कामगाराचे त्या देशातील वास्तव्य एका स्थानिक प्रायोजकाच्या, म्हणजे कफीलच्या, जबाबदारीवर असते. कामगाराचे स्वतःचे असे नाते राज्याशी नसते. नोकरी बदलणे आणि अनेक ठिकाणी देश सोडणेसुद्धा दीर्घकाळ कफीलच्या संमतीवर अवलंबून होते. अलीकडे कतारने २०२० मध्ये व सौदी अरेबियाने २०२१ मध्ये यात काही बदल केले, तरी पारपत्र मालकाच्या कपाटात असण्याची सवय एका फर्मानाने जात नाही. या व्यवस्थेचे दुसरे टोक मुंबईत आहे. कुर्ला, साकीनाका, अंधेरी या पट्ट्यात भरती करणाऱ्या एजंटांची कार्यालये, 'ट्रेड टेस्ट' घेणाऱ्या शेड आणि उत्तरेकडून व दक्षिणेकडून आलेल्या तरुणांनी भरलेल्या खोल्या आहेत. वेल्डिंगचा एक सांधा जोडून दाखवायचा, वैद्यकीय तपासणीतून पार पडायचे, आणि व्हिसाची वाट पाहायची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार कमी शिकलेल्याच्या पारपत्रावर सरकारी परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते. ही तरतूद त्याच्या संरक्षणासाठी आहे. तरीही शिकलेला माणूस कोणालाही न विचारता जाऊ शकतो आणि न शिकलेल्याला आधी तपासले जाते, एवढे त्यातून दिसतेच.

अरबी साहित्याने या मौनाचा प्रश्न फार लवकर ओळखला होता. घस्सान कनफानी यांची 'रिजाल फिश्शम्स' (उन्हातली माणसे) ही छोटी कादंबरी १९६३ ची. कनफानी स्वतः पॅलेस्टिनी निर्वासित, तरुणपणी काही वर्षे कुवेतमध्ये शिक्षक होते. १९७२ मध्ये बैरूतमध्ये त्यांच्या मोटारीत स्फोट घडवून त्यांची हत्या करण्यात आली. या कादंबरीत तीन पिढ्यांचे तीन पॅलेस्टिनी पुरुष बसऱ्याहून चोरट्या मार्गाने कुवेतला निघतात. पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये सीमानाक्यापुरते लपायचे, काही मिनिटांत बाहेर यायचे, असा ठराव. ऐन ऑगस्टात, नाक्यावरचा गार हवेत बसलेला अधिकारी चालकाला बसऱ्यातल्या एका नर्तकीवरून छेडत बसतो आणि कागदावर सही करायला उशीर होतो. टाकीचे झाकण उघडते तेव्हा तिघेही गुदमरून मेलेले असतात. चालक प्रेते उकिरड्याजवळ टाकतो, त्यांच्या खिशांतले पैसे काढून घेतो, एकाच्या मनगटावरचे घड्याळही घेतो, आणि मग त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घुमू लागतो: यांनी टाकीच्या भिंतीवर थाप का मारली नाही?

अरब समीक्षेत या प्रश्नाचा अर्थ बहुधा राजकीय लावला गेला. पॅलेस्टिनी जनतेने आपल्या गुदमरण्याविरुद्ध आवाज का उठवला नाही, असा. तो अर्थ चुकीचा नाही. तथापि हा प्रश्न विचारणारा कोण आहे, हे विसरता कामा नये. तो मेलेल्यांच्या खिशातून पैसे काढून घेतलेला माणूस आहे. मृतांवर त्यांच्या मौनाची जबाबदारी टाकून तो आपली सुटका करून घेऊ पाहतो, आणि ती होत नाही हेही त्याला कळते. शिवाय थाप मारली असती तर काय झाले असते? नाक्यावर पकडले गेले असते, परत पाठवले गेले असते. त्यांनी प्राण वाचवण्याऐवजी कुवेतला पोहोचण्याची शक्यता वाचवली. आखाताचा प्रत्येक कामगार, मग तो रत्नागिरीचा असो वा मलप्पुरमचा, रोज लहान प्रमाणावर हाच हिशेब करीत असतो.

इजिप्शियन दिग्दर्शक तौफीक सालेह यांनी १९७२ मध्ये सीरियात या कादंबरीवर 'अल-मख्दूऊन' (फसवले गेलेले) हा चित्रपट केला, तेव्हा शेवटात एक बदल केला. चित्रपटात टाकीतली माणसे थापा मारतात. बाहेर वातानुकूलन यंत्रांची घरघर चाललेली असते, आणि कोणालाही ऐकू येत नाही.

या एका बदलाने नैतिक प्रश्नाची जागाच बदलते. कादंबरीत तो न बोलणाऱ्याकडे रोखलेला आहे, चित्रपटात न ऐकणाऱ्याकडे. मराठीतील आखाती मौनाचा विचार करताना या दोहोंपैकी कोणता शेवट आपल्याला लागू पडतो, हे ठरवावे लागेल. ज्यांच्यापाशी अनुभव होता त्यांनी लिहिले नाही, असे म्हणणे सोयीचे आहे. पण कॅसेटवर बोलून पाठवलेली पत्रे होती, सुट्टीवर आलेल्या माणसाच्या ओटीवरच्या गोष्टी होत्या, गावच्या मशिदीच्या वा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर कोरलेली नावे होती. केरळात अशाच सामग्रीतून एस. ए. जमील यांची 'दुबई पत्रगीते' निघाली. पतीच्या वियोगात जळणाऱ्या स्त्रीचे पत्र आणि त्याला पतीचे उत्तर अशी ती मापिळा गीते घराघरांत ऐकली गेली, आणि कादंबरी येण्याच्या कितीतरी आधी आखाताला एक लोकप्रिय वाङ्मयरूप मिळाले. थापा मराठीतही पडत होत्या, असे मानायला जागा आहे. मग मराठी साहित्यविचाराच्या खोलीत कोणते यंत्र घरघरत होते?

त्या यंत्राला एक प्रतिष्ठित नाव आहे: माती. मराठी समीक्षेने स्वातंत्र्योत्तर काळात अनुभवाच्या अस्सलपणाला जे महत्त्व दिले ते योग्यच होते. नवकथेने अनुभवाशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरला, ग्रामीण साहित्याने तो गावाच्या मातीशी जोडला, दलित साहित्याने तो जगलेल्या यातनेशी जोडून त्याला अभूतपूर्व नैतिक वजन दिले. १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची संकल्पना मांडली तेव्हा त्यामागे पाश्चात्त्य वाङ्मयाच्या उसन्या निकषांविरुद्धचा एक आवश्यक रोष होता. साहित्य आपल्या भूमीतून, भाषासमूहातून व परंपरेतून वाढते, हे त्यांचे प्रतिपादन मराठी लेखकाला धीर देणारे ठरले. दोष मूळ संकल्पनेत शोधण्यापेक्षा तिच्या रूढ वापरात शोधावा. नेमाड्यांच्या लेखी जो एक प्रश्न होता, तो पुढे परीक्षणकारांच्या हाती प्रमाणपत्र बनला. 'मातीतले', 'मुळांशी नाते सांगणारे', 'रुजलेले' ही विशेषणे परीक्षणांतून इतक्या सहजतेने येऊ लागली की न रुजलेल्या माणसाच्या अनुभवालाही आकार असू शकतो, हे जवळजवळ विसरले गेले.

आखाती कामगार हा स्वभावतःच न रुजलेला माणूस. दोन-तीन वर्षांचे करार एकापुढे एक जोडून तो वीस-तीस वर्षे परदेशात काढतो, पण ते वास्तव्य कधीही 'राहणे' होत नाही. गावी येतो तो सुट्टीपुरता; तेथेही तो पाहुणाच. त्याची माती कोणती? ज्या वाळूवर त्याने इमारती बांधल्या ती त्याची नाही, आणि ज्या लाल मातीवर त्याने घर बांधले तेथे तो राहिलेला नाही. आणि येथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसू लागते. कफाला व्यवस्था कामगाराला सांगते: तुझे श्रम येथे, पण तुझे असणे तिकडचे; येथे तुला नाते जोडता येणार नाही. मातीचा निकष लावणारी समीक्षा त्याला सांगते: तुझे असणे तुझ्या गावचे, तिकडे जे घडले ते उपरे, ते आपल्या परंपरेत बसत नाही. एकाचा हेतू नियंत्रणाचा, दुसरीचा सांस्कृतिक स्वाभिमानाचा. परंतु माणूस जेथला तेथलाच असतो आणि जन्मभूमीबाहेरचे त्याचे आयुष्य म्हणजे एक दीर्घ गैरहजेरी होय, हे गृहीतक दोघांनाही समान आहे.

यावर कोणी म्हणेल की मराठीला स्थलांतरिताचे वावडे कधीच नव्हते. कोकणातून मुंबईला आलेला चाकरमानी, त्याची मनीऑर्डर, गिरणगावातली खोली, गावी वाट पाहणारी बायको, हे सारे मराठी कथा-कविता-नाटकांत ओसंडून आलेले आहे. नारायण सुर्वे यांची कविता तर याच श्रमिक मुंबईची. हे खरे आहे, आणि या उदाहरणानेच भेद स्पष्ट होतो. चाकरमानी मुंबईला पाहुणा म्हणून आला तरी त्याला मुंबईकर होता आले. त्याला मत होते, युनियन होती, गणपतीचा मंडप होता, संप करता येत होता. १९८२ चा गिरणी संप हरला, पण तो करता आला, हेच येथे महत्त्वाचे. त्या संपाचे नेते दत्ता सामंत हे घाटकोपरला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर, रुग्णांतल्या खाण-कामगारांचे ऐकता ऐकता पुढारी झाले. ज्या कामगाराचे कोणीतरी ऐकतो त्याच्याभोवतीच साहित्य उभे राहते, असा नियम करणे धाडसाचे होईल. पण संपाचा हक्क आणि कथेचा नायक होण्याचा हक्क यांच्यात काहीच संबंध नाही, असे म्हणणे त्याहूनही धाडसाचे आहे.

वास्तविक मराठीपाशी या अनुभवाकडे जाणारा एक दरवाजा होता आणि तो कनफानींच्या कादंबरीच्याच वर्षी, १९६३ मध्ये, उघडला होता. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाची शीर्षककथा सर्वपरिचित आहे. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला तरुण आपली जात उघड करीत नाही. खोली, सहकाऱ्यांचा मान, सारे त्या लपवण्यावर उभे राहते, आणि सत्य बाहेर पडताच त्याला मारहाण होते. मराठी समीक्षेने ही कथा जातिव्यवस्थेच्या अमानुषतेची कथा म्हणून वाचली, आणि तसे वाचणे अनिवार्यच होते. पण ती परमुलखातल्या भाड्याच्या खोलीचीही कथा आहे. त्या तरुणाला आपली माती टिकवायची नाही, तिच्यापासूनच सुटायचे आहे. गावगाड्याने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याला मातीचे गोडवे ऐकवणे ही क्रूर थट्टा ठरेल. 'चोरली' या क्रियापदाकडे पाहावे: त्याने जे चोरले ते त्याचे स्वतःचेच होते, त्याचे मौन होते. कनफानींचे तिघे आणि बागूलांचा हा तरुण एकाच टाकीत बसलेले आहेत. तफावत एवढीच की बागूलांच्या कथेत झाकण आतल्यांच्या इच्छेविरुद्ध उघडले जाते. ही कथा स्थलांतराची कथा म्हणूनही वाचली गेली असती, तर अस्सल अनुभव हा मुळांतूनच येतो असे नव्हे, तर मुळे लपवण्याच्या, तोडण्याच्या वा नसण्याच्या स्थितीतूनही येतो, हे मराठी साहित्यविचाराच्या अंगवळणी पडले असते.

अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये अब्दुल रहमान मुनीफ यांच्या 'मुदुन अल-मिल्ह' (मिठाची शहरे) या कादंबरीमालिकेवर लिहिताना तेलाच्या अनुभवातून इतके कमी साहित्य का निपजले, असा प्रश्न केला होता. त्यांच्या उत्तराचा एक धागा असा की कादंबरी या प्रकाराला एक ठिकाण, एक भाषा, एक समाज लागतो, आणि तेलाचे जग तर ठिकाण नसलेले व बहुभाषी आहे. हे उत्तर मार्मिक आहे, पण त्याने लेखकाची थोडी जास्तच सोय होते. मुनीफ यांनी ते जग लिहिले आणि त्याची किंमत मोजली. सौदी पित्याचे हे पुत्र तेल-अर्थशास्त्राचे पदवीधर होते, त्या उद्योगात त्यांनी काम केले होते. १९६३ मध्येच त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि २००४ मध्ये दमास्कसला त्यांचे निधन झाले. त्यांच्या मालिकेच्या १९८४ च्या पहिल्या खंडाची अखेर हर्रान या काल्पनिक बंदरातील कामगारांच्या संपाकडे जाते. तेथील कामगार अरब आहेत. पुढे त्यांच्या जागी कोण आले, हे त्या कादंबरीमालिकेच्या कक्षेबाहेर राहते. तो पुढचा खंड मुनीफ यांनी लिहायचा नव्हता. त्याची भाषा मराठी, मल्याळम, बंगाली, तगालोग यांपैकी कोणतीही असू शकली असती.

मुनीफ यांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आखाताविषयी आपल्याकडे जी काही गोष्ट सांगितली जाते तिच्यात अरब माणूस हा 'शेख' असतो: श्रीमंत, लहरी, लंपट वा क्रूर. 'आडुजीविदम्'सारख्या समर्थ कृतीतही वाळवंटातला मालक हा बव्हंशी क्रौर्याची आकृती होऊन राहतो. पीडिताच्या डोळ्यांतून पाहताना हे घडणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याला शेख म्हणून आपण एका शब्दात संपवतो, त्या समाजातल्या सामान्य नागरिकाचाही राज्याशी एक विचित्र करार झालेला आहे: कर नको, घर-शिक्षण-नोकरी राज्य देईल, बदल्यात राजकारणात बोलू नये. परदेशी कामगाराचे मौन आणि नागरिकाचे मौन एकाच कापडाचे आहे. एकाला ते उपाशी पोटी पाळावे लागते आणि दुसऱ्याला भरल्या पोटी, हा फरक लहान नव्हे. कुवेती कादंबरीकार सऊद अल-सनूसी यांच्या 'साक अल-बाम्बू' (बांबूचे देठ) या कादंबरीने २०१३ चा अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिचा निवेदक फिलिपिनो मोलकरीण आणि कुवेती घरचा मुलगा यांचा पुत्र आहे. दोन्ही देशांत तो उपरा. बांबू कोठेही लावला तरी वाढतो, या समजुतीभोवती ती कादंबरी फिरते. म्हणजे रुजण्याचा प्रश्न तिकडच्या लेखकानेही घेतला आणि घराच्या आतून भिंतीवर थाप मारली. या थापेला उत्तर देणारी भाषा आपल्याकडे असायला हवी होती.

परक्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखकाला आहे काय, ही शंका येथे येणारच. सुशिक्षित, उपनगरातल्या सदनिकेत राहणाऱ्या मराठी लेखकाने वाळवंटातल्या वेल्डरची कथा लिहावी आणि पुरस्कार घ्यावा, यात कनफानींच्या चालकाचा वास येतो. शंका रास्त आहे. परंतु मराठीत तिचा उपयोग बहुतेकदा लिहिणाऱ्याला सावध करण्यासाठी न होता न लिहिण्याचे समर्थन म्हणून होतो. दुसरे असे की आखाती अनुभव मराठीला परका आहे, हेच मुळात खरे नाही. एडन १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षे मुंबईहून चालवले गेले. वासुदेव बळवंत फडके यांचा १८८३ मध्ये अंत झाला तो तेथल्याच तुरुंगात. भारताने १९५९ मध्ये खास आखातासाठी रुपया काढला आणि तो तेथील राज्यांत १९६० च्या दशकात चलन म्हणून वापरात होता. नंतरचे आखात हे तर कोकणी मुसलमानाच्या घरचे, म्हणजे मराठीच्याच घरचे आहे. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कोकणातल्या मुसलमान गावाची कादंबरी १९६५ ची. तेलाची लाट त्या किनाऱ्यावर यायच्या आधीची ती असल्यामुळे तिच्या नावात आज जो योगायोगाचा अर्थ दिसतो तो लेखकाला अभिप्रेत असणे शक्य नव्हते. दलवाई १९७७ मध्ये वारले. त्यांच्या गावाचे पुढे काय झाले ते लिहायला तेवढ्याच ताकदीचा दुसरा लेखक त्या वाटेने आला नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ऑगस्टात सहारला विमाने उतरू लागली ती त्याच वर्षी. मुसलमान मराठी लेखकाने मराठीपण सिद्ध करण्यासाठी आपले या मातीशी असलेले नाते पुन्हा पुन्हा सांगावे, ही अपेक्षा आपल्या वाङ्मयव्यवहारात इतकी खोल आहे, की आपले अर्धे आयुष्य दुसऱ्या किनाऱ्यावर गेले असे त्याने लिहिणे म्हणजे संशयाला आमंत्रणच. मातीचा निकष सर्वांना सारखा लागत नाही. काहींना तो अभिमान म्हणून लागतो, काहींना उलटतपासणी म्हणून.

जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. बंद खोल्यांत झोपलेल्या माणसांचे धुराने गुदमरणे वाचताना कनफानींची टाकी आठवू नये, हे अशक्य होते. तीही कुवेतच्याच वाटेवर होती.

कुवेतहून १९९० मध्ये परतलेल्यांकडे त्यांच्या अनुभवाची लेखी विचारणा झालीच नाही, असे मात्र नाही. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला आणि भारतातूनही मोठ्या संख्येने अर्ज गेले. त्यातील 'अ' वर्गाचा अर्ज हा इराक वा कुवेत सोडावे लागलेल्या व्यक्तींसाठी होता. रक्कम ठरलेली होती: एका व्यक्तीस २,५०० डॉलर, कुटुंबास ५,०००, अन्य वर्गात दावा न केल्यास ४,००० व ८,०००. काय गमावले, किती गमावले, वाळवंटात किती दिवस काढले, हे सिद्ध करण्याची त्यात आवश्यकता नव्हती. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या दरम्यान आपण तेथून निघालो, एवढाच पुरावा जोडायचा होता.